अंगावर न पडलेले गरम पाणी

श्रोतेहो, नमस्कार.

कोल्हापूरकरांना गार पाण्याने आंघोळ करण्याचा सल्ला देण्यासाठी मी आलेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो. पौषातल्या पहाटे तालमीत जोर-बैठका मारून घरी आलेला मुलगा असो किंवा उद्यमनगरातली रात्रपाळी संपवून परतलेला कामगार असो, अंग शेकेल असे पाणी खांद्यावरून सोडताना त्याला जे सुख मिळते ते त्याच्या हक्काचे आहे, आणि त्या सुखावर काटकसरीचे प्रवचन झोडणाऱ्यांशी माझे कधीच जमलेले नाही. माझे म्हणणे एकच आहे आणि ते मी आज दोन-तीनदा सांगणार आहे, कारण रेडिओवर मागचे पान उलटून पाहता येत नाही. अंगावर पडलेल्या गरम पाण्याचे पैसे वसूल झालेले असतात. तापवूनही अंगावर न पडलेल्या पाण्याचे पैसे मात्र बुडीत खात्यात जातात, आणि बचत शोधायची असेल तर ती तेथेच शोधावी.

प्रथम थोडा हिशेब करू. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते आणि विजेचे एक युनिट म्हणजे 860 किलोकॅलरी, एवढे शाळेतले विज्ञान आपल्याला पुरेसे आहे. थंडीत टाकीतले पाणी 22 अंशांचे धरले आणि आंघोळीला ते 42 अंशांचे घेतले, तर 20 लिटरच्या बादलीला 400 किलोकॅलरी, म्हणजे अर्ध्या युनिटाहून थोडी कमी वीज लागते. चार माणसांच्या चार बादल्यांना महिन्याकाठी पंचावन्न ते साठ युनिटे होतात. महावितरणच्या घरगुती दरात पहिली 100 युनिटे ओलांडली की पुढच्या युनिटांचा दर एकदम चढतो, त्यामुळे जे पाणी वाया जाते त्याची किंमत बहुधा या वरच्या, महाग दरानेच मोजावी लागते. शॉवरचा हिशेब तर आणखी सोपा आहे. साधा शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी सोडतो, म्हणजे दहा मिनिटांत चार-पाच बादल्या होतात. साबण लावताना तो बंद केला की आंघोळीच्या सुखात काही उणे येत नाही, कारण त्या वेळी आपण धारेच्या बाहेरच उभे असतो आणि पाणी फरशीला न्हाऊ घालत असते. छतातून पावसासारखे पडणारे ताटाएवढे शॉवर बसवण्याची हौस हल्ली वाढली आहे, तिच्याविषयी मी इतकेच म्हणेन की ज्या गावाने 2019 आणि 2021 साली पंचगंगेचा पूर घरात घेतला, त्या गावाने पुन्हा न्हाणीघरात पाऊस विकत घ्यावा याचे मला नवल वाटते.

गिझर कसा चालतो हे समजण्यासाठी आपल्याकडे पूर्वी घरोघरी असलेला तांब्याचा बंब आठवावा. त्याच्या नरसाळ्यात गार पाणी ओतले की ते तळाशी जाते आणि तापलेले पाणी वर ढकलले जाऊन तोटीतून बाहेर पडते. जितके गार ओतावे तितकेच गरम बाहेर येते. भिंतीवरचा गिझर हा तसाच बंब आहे, फक्त त्यात गार पाणी आपण ओतत नाही, गच्चीवरची टाकी ओतते. (ते बंब आता हॉटेलांच्या दारात घासूनपुसून शोभेला उभे करतात आणि त्यांच्या धुराड्यात प्लास्टिकची फुले खोचतात. हे पाहून मला जे वाटते ते प्रसारणयोग्य नाही.) टाकीतून गार पाणी आत शिरले, की तेवढेच गरम पाणी कोठेतरी बाहेर पडलेच पाहिजे, एवढे मनात ठेवा आणि आता राजारामपुरीतल्या एका घरात माझ्याबरोबर चला.

ते घर माझ्या एका स्नेह्यांचे. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, नवरा-बायको, कॉलेजात जाणारा मुलगा आणि दहावीतली मुलगी. त्यांनी न्हाणीघराचे नूतनीकरण केले, जुनी फरशी काढली, गरम आणि गार पाण्याचा एकत्र नळ, म्हणजे मिक्सर बसवला आणि त्याला लवचीक नळी असलेला हातातला शॉवर जोडला. काम देखणे झाले होते, यात शंका नाही. त्यानंतरच्या महिन्यापासून विजेचे बिल मात्र फुगू लागले. पहिला संशय मुलावर आला, कारण तो आंघोळीला गेला की गाण्याच्या तीन-चार चाली बदलेपर्यंत बाहेर येत नसे. दुसरा संशय मुलीच्या केसांवर आला. माझ्या स्नेह्यांनी न्हाणीघराच्या दारावर वेळापत्रक चिकटवले, त्यात प्रत्येकाच्या नावापुढे मिनिटे लिहिली, आणि स्वतःच्या नावापुढे इतरांपेक्षा दोन मिनिटे जास्त लिहिली, यावरून घरात जे व्हायचे ते झाले. मुले निमूटपणे घड्याळ लावून आंघोळ करू लागली तरी बिल हलले नाही. मग मीटरवर संशय आला, रीतसर तपासणी झाली आणि मीटर निर्दोष ठरले. शेवटी फ्रिजवर ठपका ठेवून त्याचे दार जोरात लावण्याची सर्वांना तंबी मिळाली.

अशा वातावरणात वहिनींच्या आई डोळे दाखवण्यासाठी राधानगरीकडच्या गावाहून आल्या. उभे आयुष्य चुलवणावर पाणी तापवून, आधी गडीमाणसांना, मग मुलांना आणि उरलेच तर स्वतःला, अशा क्रमाने आंघोळी घातलेली ही बाई. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे पोह्यांना होतो. म्हातारीने बशी पुढ्यात ओढली आणि मुलीला अगदी साधेपणाने विचारले, “काय गं, तुमच्यात संडासालाबी गरम पाणी लागतंय व्हय? लई थाट हाय बाई!”

पोहे खाणारे सर्व हात थांबले. जावईबापूंनी सासूबाईंच्या शब्दाकडे दुर्लक्ष करण्याची जुनी सवय याही वेळी पाळली असती, पण वहिनी उठल्या, संडासात गेल्या आणि फ्लशच्या टाकीचे झाकण उचलून त्यांनी आत हात घातला. पाणी कोमट होते. वॉशबेसिनचा गार पाण्याचा नळ सोडून पाहिला, तर आधी गार आणि थोड्या वेळाने तेही कोमट. एवढे दिवस सगळ्यांना वाटत होते की गच्चीवरची टाकी उन्हाने तापते. सकाळी साडेसात वाजता, पौषात!

शेजारच्या गल्लीतले नळकामाचे मिस्त्री आले. त्यांनी पिशवी उघडली नाही. गिझर चालू होता, कारण त्या घरात तो पहाटे लावला की दुपारीच बंद होत असे. मिस्त्रींनी गिझरमधून बाहेर येणाऱ्या नळीवर माझा हात ठेवायला लावला आणि वहिनींना बेसिनचा गार नळ सोडायला सांगितले. घरात गरम पाण्याचा एकही नळ उघडा नव्हता, निदान आम्हांला तसे दिसत होते. तरी माझ्या तळव्याखाली ती नळी हळूहळू गरम होत गेली आणि शेवटी हात काढून घ्यावा लागला. मिस्त्रींनी मग मिक्सरकडे बोट दाखवले. त्याच्या गरम आणि गार अशा दोन्ही चकत्या पूर्ण उघड्या होत्या, आणि पाणी थांबले होते ते केवळ हातातल्या शॉवरच्या दांड्यावर असलेल्या बटणामुळे. घरातले सगळेच पाणी एकदा मनाजोगे मिसळले की चकत्यांना हात लावत नसत आणि आंघोळ संपली की बटण दाबून मोकळे होत असत.

मिस्त्री म्हणाले, “वहिनी, गिझर चांगला हाय. ह्या दोन तोट्या आत एकमेकीस्नी भेटल्यात न्हवं, त्याची ही गंमत हाय.”

प्रकार असा होता. दोन्ही चकत्या उघड्या आणि तोंड मात्र बंद, अशा अवस्थेत मिक्सरच्या पोटात गरम आणि गार पाण्याच्या नळ्या एकमेकींना जोडल्या जातात. घरात कोणीही बेसिनचा गार नळ सोडला किंवा संडासात फ्लश ओढला, की गार नळीतला दाब कमी होतो आणि त्या नळीत पाणी दोन वाटांनी येऊ लागते: थोडे थेट टाकीतून आणि थोडे गिझरमधून, मिक्सरच्या पोटातून उलटे. जितके गरम पाणी त्या वाटेने निसटते तितके गार पाणी गिझरमध्ये शिरते, आणि गिझर बिचारा इमानेइतबारे ते पुन्हा तापवतो. म्हणजे त्या घरात दात घासायला, भाजीचे हात धुवायला आणि फ्लशला गिझरचे पाणी जात होते, आणि ज्या मुलावर आळ होता तो घड्याळ लावून अर्धवट आंघोळी करत होता.

मिस्त्रींनी दोन्ही चकत्या बंद केल्या, चहा घेतला आणि पैसे घ्यायला नकार दिला. पुढच्या आठवड्यात त्यांनीच मिक्सरच्या दोन्ही वाटांवर पाणी उलटे जाऊ न देणारे छोटे व्हॉल्व्ह बसवले, त्याचे मात्र व्यवस्थित पैसे घेतले. मुलाने दारावरचे वेळापत्रक स्वतःच्या हाताने काढले आणि, मला सांगण्यात आले त्याप्रमाणे, त्या दिवशी त्याने सलग पाऊण तास आंघोळ केली. त्याला कोणी बोलले नाही. सासूबाई जाताना लेकीला म्हणाल्या, “मला वाटलं शहरात असंच असतंय.”

ज्यांच्या घरी असा हातातला शॉवर आहे, त्यांनी पाणी बटणावर न थांबवता चकत्यांवरच थांबवावे, हे मी पुन्हा एकदा सांगतो. संडासात पाण्याची बंदूक, म्हणजे हेल्थ फॉसेट, मिक्सरवरून घेतली असेल तर तिलाही हेच लागू आहे.

आता राहिलेल्या गोष्टी थोडक्यात घेतो. गिझर दिवसभर चालू ठेवला तर कमी वीज खातो, हा समज चुकीचा आहे. तापलेले पाणी उभे राहिले की उष्णता पत्र्यातून सतत झिरपत राहते आणि ती भरून काढायला वीज लागते. पंचतारांकित लेबलाचा गिझर घेतला तर ही गळती कमी होते, थांबत नाही. 2000 वॅटचा 15 लिटरचा गिझर 22 अंशांचे पाणी वीस मिनिटांत 60 अंशांवर नेतो, आणि त्यात गार पाणी मिसळले की आंघोळीजोगे 28 लिटर पाणी होते. म्हणून आंघोळीआधी वीस मिनिटे लावावा आणि आंघोळी सलग उरकाव्यात. गिझरवरची तापमानाची चकती 55 अंशांच्या आसपास ठेवली तर गळती घटते. पन्नासच्या खाली मात्र कायमची ठेवू नये, कारण कोमट साठवणीत जंतू वाढतात.

गॅस गिझरला साठवणीची गळती नसते आणि तो स्वस्तही पडतो, पण तो न्हाणीघराच्या आत बसवू नये. बंद खोलीत त्याच्या ज्वाळेपासून कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, आणि माणूस बेशुद्ध पडेपर्यंत काही कळत नाही. ही बचत मला कोणालाही सुचवायची नाही. गिझर बाहेर, उघड्या हवेत असेल तरच तो वापरावा.

उरला सोलर. कोल्हापुरात ऊन भरपूर आहे, पण जून ते सप्टेंबर आभाळ झाकलेले असते. त्या दिवसांत सोलरच्या टाकीतला विजेचा हीटर लावण्याची प्रथा आहे, तिचा हिशेब ऐका. 150 लिटरची टाकी नुसती 25 अंशांनी तापवायची म्हटली तरी सव्वाचार युनिटांहून अधिक वीज जाते, आणि घरात आंघोळ करणारी माणसे दोन असतील तर त्यातले बहुतेक पाणी अंगावर न पडताच रात्री निवते. पावसाळ्यापुरता न्हाणीघरात छोटा गिझर असणे त्यापेक्षा किती तरी परवडते. दुसरी गोष्ट नळीची. पाऊण इंची नळीच्या दर मीटरमध्ये साधारण पाव लिटर पाणी मावते, त्यामुळे गच्चीपासून खालच्या मजल्यापर्यंत 30 मीटर नळी असेल तर गरम पाणी येण्याआधी साडेसात लिटर गार पाणी सोडावे लागते, आणि आंघोळ झाल्यावर तितकेच गरम पाणी नळीत अडकून निवते. ते सुरुवातीचे पाणी बादलीत धरून धुण्याला वापरावे, नळीवर उष्णतारोधक आवरण चढवावे, आणि शक्य असेल त्यांनी आंघोळ संध्याकाळी करावी, कारण सोलरचे पाणी सर्वांत कढत तेव्हाच असते. घर बांधणाऱ्यांनी न्हाणीघर गच्चीवरच्या टाकीच्या सरळ खाली घेतले तर निम्मे दुखणे सुरुवातीलाच टळेल, पण आपल्याकडे आधी वास्तुशास्त्र विचारतात आणि नळाची वाट सगळ्यांत शेवटी.

शेवटची सूचना गळीत हंगामाची. शेतात उसाचा पाला पेटतो आणि कारखान्यांची धुराडी चालू असतात, तेव्हा गच्चीवर काजळी उतरते आणि ती सोलरच्या काचेवरही बसते. त्या दिवसांत आठ-पंधरा दिवसांनी काच ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. हे काम सूर्य वर येण्यापूर्वी करावे, कारण तापलेल्या काचेवर गार पाणी पडले तर ती तडकते, आणि नव्या काचेच्या किमतीत पुष्कळ आंघोळी होतात.

नमस्कार.