फ्री-मोशन क्विल्टिंग: हाताचा वेग, पायाचा वेग आणि कापडावरची रेघ

क्विल्टिंग म्हणजे दोन कापडं आणि मधला मऊ भराव एकत्र शिवणं; फ्री-मोशनमध्ये ते कापड हातांनी हवं तसं फिरवून करतात. शिलाई मशीनच्या सुईखालच्या पट्टीतून वर आलेले हे दात बघा. नेहमीच्या शिवणात तेच कापड मागे सरकवतात, आणि दर टाक्याला किती सरकवायचं ते मशीनवरचा आकडा ठरवतो. आता खटका सरकवला, दात खाली गेले. यापुढे कापड आपणहून हलणार नाही. पुढे, मागे, आडवं, तिरकं, हात नेतील तिकडे ते जाईल. टाका किती लांब पडणार हे आता दोनच गोष्टी ठरवतील: पायाने मशीन किती वेगात चालवलंय, आणि हातांनी कापड किती वेगात सरकवलंय.

याचं गणित साधं आहे. मशीन मिनिटाला ६०० टाके घालत असेल, तर सेकंदाला १० झाले. इंचाला १० टाके, म्हणजे साधारण अडीच मिलिमीटरचा एक टाका हवा असेल, तर कापड सेकंदाला एक इंच सरकायला हवं. पाय तसाच ठेवून हात दुप्पट वेगाने गेले, तर टाका पाच मिलिमीटरचा होतो. हात सेकंदभर थांबले, तर दहा टाके एकाच जागी साचून गाठ होते आणि बरेचदा दोरा तिथेच तुटतो. नवशिक्याचा पाय भीतीने हळू असतो आणि हात उतावळे. हवं असतं नेमकं उलट. मशीनला वेगमर्यादेची सोय असेल तर ती मध्यावर ठेवा, पेडल पूर्ण दाबा आणि सगळं लक्ष हातांकडे द्या. एक वेग कायम झाला की दुसरा शिकणं खूप सोपं जातं.

सरावासाठी १६ इंचांचे दोन साधे सुती चौकोन आणि मध्ये पातळ सुती बॅटिंग, म्हणजे भरावाचा थर. कापड एकरंगी घ्या. छापील कापडात चुका लपतात, आणि सरावात त्या दिसायलाच हव्यात. तिन्ही थर दर चार इंचांवर सेफ्टी पिनने अडकवा. पिना विरळ झाल्या तर खालचं कापड चुण्या धरतं, आणि ते कळतं शिवून झाल्यावर. सुई नवी, ९०/१४ नंबरची टॉपस्टिच, म्हणजे मोठ्या नेढ्याची. दोरा वर आणि बॉबिनमध्ये (खालच्या दोऱ्याच्या रिळात) एकाच जाडीचा, ५० नंबरचा सुती, पण रंग वेगळे: वर लाल, खाली निळा. हे रंग का, ते पुढे दिसेल. टाक्याच्या लांबीचा आकडा शून्यावर, आणि कापड दाबून धरणाऱ्या नेहमीच्या फूटऐवजी डार्निंग फूट.

हा फूट कापडाला घट्ट दाबत नाही, किंचित अधांतरी राहतो. त्यामुळे तो खाली घ्यायचा राहून गेला तरी पटकन लक्षात येत नाही. फूट वर असताना टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याला ताण देणाऱ्या, चकत्या उघड्या असतात, वरच्या दोऱ्याला ताण मिळत नाही आणि कापडाच्या खाली दोऱ्याचं जाळं जमतं. खाली असा गुंता दिसला की बॉबिन उघडण्याआधी फूट तपासा. दोष बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

सुरुवात करताना चाक हाताने फिरवून एक टाका घ्या, वरचा दोरा ओढून बॉबिनचा दोरा वर काढा. दोन्ही टोकं धरून चार-पाच अगदी बारीक टाके जवळजवळ घ्या, मग टोकं कापा. बॉबिनचं टोक खालीच राहिलं तर ते पुढच्या टाक्यांत अडकतं.

तळवे सुईच्या दोन्ही बाजूंना सपाट ठेवा. बोटांवर रबर असलेले हातमोजे घातले तर कापड दाबून धरावं लागत नाही, खांदेही दुखत नाहीत. नजर सुईवर नको. सुई जिथे जाणार आहे तिथे, अर्धा इंच पुढे. दर तीन-चार इंचांवर थांबा, सुई कापडात रुतलेली ठेवा, मगच हात पुढे घ्या. पुन्हा सुरू करताना हात आणि पाय एकदमच निघाले पाहिजेत. हात आधी निघाले तर पहिला टाका लांबतो, आणि त्या ओढीने सुई वाकून प्लेटवर आपटते, मोडते.

कापडाआधी कागद. पेन न उचलता पान भरा: वळणावळणाची, स्वतःला न छेदणारी रेघ, मग फेरे, मग आत जाऊन त्याच वाटेने बाहेर येणारी वेटोळी. पुढे कुठे वळायचं, कोपऱ्यात अडकल्यावर कसं सुटायचं, हे कागदावरच उमगतं. हाताला ते ठाऊक नसेल तर मशीनवर तो मध्येच थबकतो, आणि तिथे गाठ पडते.

आता तुकडा उलटा करा. वर निळे ठिपके दिसत असतील तर वरचं टेन्शन जास्त आहे, अर्धा आकडा कमी करा. खाली निळा दोरा सरळ पडून त्यावर लाल ठिपके दिसत असतील तर ते कमी आहे. पण हे बघा: सरळ भागात टाके ठीक, आणि वळणावर मात्र खाली लाल दोऱ्याचे फासे, पापणीच्या केसांसारखे. यात टेन्शनपेक्षा हात दोषी असतात. वळणावर हात वेग घेतात, सुई ओढली जाते आणि वरचा दोरा खालच्या बाजूला खेचला जातो. आधी वळणावर हात सावकाश करा. तरी फासे राहिले तरच आकडा बदला.

नक्षी उतरवायची तर आधी तिच्यावरून बोट फिरवून बघा. एकदाही न तुटता ती पूर्ण होते का? जितक्या वेळा दोरा तोडावा लागेल, तितक्या वेळा टोकं लपवावी लागतील.

फिक्या कापडाला लाइट बॉक्स, म्हणजे खालून उजेड देणारी पेटी, उत्तम. जाड काळ्या रेघांची नक्षी खाली, कापड वर, आणि पाण्याने जाणारा निळा पेन. हे काम थर जोडण्याआधीच करायचं, कारण बॅटिंगमधून रेघ दिसत नाही. निळ्या शाईला उष्णता लागली तर डाग कायमचा बसू शकतो, म्हणून धुवेपर्यंत इस्त्री नाही. जांभळी शाई हवेनेच उडते, दमट हवेत काही तासांतही. आज शिवायचं तेवढंच तिने काढा. इस्त्रीने नाहीशी होणारी शाई खूप सोयीची वाटते, पण कडाक्याच्या थंडीत ती परत उमटू शकते. जपून ठेवायच्या कामावर ती न वापरलेलीच बरी. कुठलाही पेन आधी त्याच कापडाच्या तुकड्यावर लावून, धुऊन बघा.

गडद कापडावर खडूची पूड. मशीनमध्ये दोरा न ओवता, दोन मिलिमीटरच्या टाक्याने कागदावरच्या नक्षीला भोकं पाडा, मागचे खडबडीत काठ बारीक पॉलिश पेपरने घासा, म्हणजे भोकं मोकळी होतात. खडूची पूड भरलेली छोटी गादी त्यावरून घासायची, आपटायची नाही. आपटली की पूड पसरून रेघ फिसकटते. खडू हाताळताना झडतो, म्हणून एका वेळी एकच भाग आखा.

कागद वर टाचून त्यावरूनच शिवण्याची रीतही चांगली आहे. पेन्सिलने काढू नका, सुई तिची काळी पूड पांढऱ्या दोऱ्यात ओढते. टाका बारीक ठेवला की कागद सहज फाटतो. काढताना टाक्यांवर अंगठा दाबून धरा, नाहीतर ते सैल होतात. दाट, बारीक गोलांच्या नक्षीला मात्र ही रीत घेऊ नये. प्रत्येक गोलातला कपटा चिमट्याने उपसावा लागतो.

या पिसाच्या नक्षीकडे बघा. आखलाय फक्त मधला देठ आणि बाहेरची हद्द. पाकळ्या नजरेने घेतल्या आहेत. प्रत्येक पाकळी आखली तर डोळे रेघेला चिकटतात, हात दर क्षणाला दुरुस्ती करत राहतो आणि टाके थरथरतात. त्यापेक्षा थोडी वेगळी पण सलग पाकळी कितीतरी सुंदर दिसते. म्हणून आखणी कमीत कमी ठेवा: दिशा आणि माप कळेल इतकीच.

शेवटी उरलेल्या टोकांना कापडालगत गाठ मारा, हातसुईत ओवा, बॅटिंगमधून इंचभर फिरवून बाहेर काढा आणि कापा. निळी रेघ नुसतं पाणी शिंपडून घालवू नका. शाई बॅटिंगमध्ये उतरते आणि वाळताना पुन्हा वर येते. संपूर्ण तुकडा भरपूर थंड पाण्यात, साबणाशिवाय बुडवा. वाळल्यावर निळी छटा दिसलीच तर पुन्हा बुडवा, आणि ती पूर्ण गेल्यावरच इस्त्री हातात घ्या.