बुडापेस्टच्या अकादमीतील ‘दुय्यम’ विषय

श्रोतेहो, एखाद्या संगीत विद्यालयाची थोरवी आपण सहसा तिथल्या नामवंत वादकांवरून ठरवतो. हंगेरीतल्या बुडापेस्टच्या लिस्त अकादमीकडे अशी नावे पहिल्यापासून होती. १८७५ च्या नोव्हेंबरात ती सुरू झाली तीच मुळी पियानोवादक व रचनाकार फेरेन्त्स लिस्त यांच्या राहत्या जागेत. संचालक होते एर्केल. पुढे व्हायोलिनसाठी हुबाय आणि चेलोसाठी पॉपर आले. मला मात्र आज बोलायचे आहे ते इतरत्र दुय्यम मानल्या जाणाऱ्या विषयांबद्दल, कारण या संस्थेने ते विषय आपल्या सर्वांत समर्थ माणसांच्या हाती दिले आणि तिचे खरे मोठेपण मला तिथेच दिसते.

१९०७ साली रचनाकार बार्तोक तिथे पियानोचे अध्यापक झाले आणि १९३४ पर्यंत त्यांनी पियानोच शिकवला. संगीतरचना शिकवण्यास त्यांनी कायम नकार दिला, कारण त्यामुळे स्वतःच्या सर्जनाला बाधा येईल असे त्यांना वाटे. १९०७ सालीच आलेल्या रचनाकार कोदाय यांनी आरंभ केला तो संगीतशास्त्राच्या वर्गापासून. लेओ वेइनर हे स्वतः रचनाकार, पण पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी त्यांचे ऋण मानले ते चेंबर संगीताच्या, म्हणजे मोजक्या वादकांनी, हातवारे करून वादन चालवणाऱ्या संचालकाविना, एकत्र वाजवण्याच्या वर्गासाठी. या वर्गात आपले बोट बिनचूक पडणे पुरत नाही. शेजाऱ्याचा श्वास ऐकावा लागतो. नंतर रचनाकार लिगेती यांनी स्वरसंवाद (हार्मनी, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांची जुळणी) आणि प्रतिस्वर (काउंटरपॉइंट, म्हणजे स्वतंत्र सुरावटींची एकत्र गुंफण) शिकवले, तर रचनाकार कुर्ताग यांनी पुन्हा चेंबर संगीतच.

या सगळ्यांत मला सर्वांत जवळचा वाटतो तो विषय सोल्फेज, अर्थात स्वरवाचन. लिहिलेले स्वर पाहताच वाद्याच्या आधाराविना गाता आले पाहिजेत, असा कोदाय यांचा आग्रह होता. त्यांच्या पद्धतीतले ‘दो’ हे स्वरनाम आपल्या षड्जासारखे चल असते. आपला गायक काळी एकला गावो की पांढरी पाचला, त्याचा सा तो सा. तसाच तिथला ‘दो’ पट्टीप्रमाणे सरकतो. फ्रान्समध्ये हेच अक्षर एका ठरावीक स्वराला कायमचे बांधलेले आहे. सरगम ऐकत वाढलेल्या माणसाला बुडापेस्टची ही रीत पॅरिसपेक्षा लवकर उमगावी, यात नवल नाही.

या वर्गातला एक प्रकार पाहा. विद्यार्थी पियानोपाशी बसतो. समोर दोन ओळींची लहानशी रचना असते. वरची ओळ तो स्वरनामांनी गातो आणि त्याच वेळी खालची वाजवतो. मग अदलाबदल, खालची गळ्यात आणि वरची बोटांत. बोटे सवयीने चालू लागली की गळा घसरतो, आणि गळा सांभाळायला जावे तर बोटे थबकतात. दोन्ही ओळी मनात आधी स्वतंत्रपणे ऐकू आल्या असतील तरच हे जमते.

१९५३ साली अकादमीतल्या भाषणात कोदाय यांनी चांगल्या संगीतकाराच्या चार गरजा सांगितल्या: घडवलेला कान, घडवलेली बुद्धी, घडवलेले हृदय आणि घडवलेला हात. हुबाय आणि पॉपर यांच्या परंपरेत वाढलेल्या वादकांसमोर बोलताना त्यांनी हाताचे नाव सर्वांत शेवटी घेतले.