उभ्यानं खायचं स्पेन

नमस्कार. या, पुढे या, खुर्च्या आहेत अजून. आजचा विषय तापास, म्हणजे स्पेनच्या बारमध्ये पेयासोबत खायचे छोटे छोटे पदार्थ. खरं तर या विषयाला तुम्हाला उभंच ठेवायला हवं होतं, पण आयोजकांनी ऐकलं नाही.

कामानिमित्त दोन वर्षं मी सेव्हियात होतो. आपण नकाशात सेव्हिल वाचतो ते हेच. पोहोचलो त्याच दिवशी संध्याकाळी साडेसहाला पोटात कावळे ओरडायला लागले. एका बारमध्ये शिरलो, कोपऱ्यातलं टेबल धरलं आणि मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये ऐटीत सांगितलं, सहा प्रकारचे तापास आणा. वेटरनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. स्वयंपाकघर बंद! तिथं दुपारचं जेवण दोननंतर, रात्रीचं नऊनंतर, आणि मधल्या वेळात पुष्कळ ठिकाणी चूल विझलेली. त्यानं दयेपोटी ऑलिव्हची एक वाटी पुढे ठेवली. ती मी दीड तास पुरवून खाल्ली.

माझ्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहायचे. हा किस्सा ऐकून ते पोट धरून हसले आणि दुसऱ्या दिवशी रात्री साडेनऊला मला बाहेर घेऊन गेले. चार बार झाले. प्रत्येक ठिकाणी एक पेय, एक तापा, की लगेच बाहेर. तिसऱ्या बारमध्ये मला खुर्ची दिसली, मी बसायला गेलो, तर त्यांनी दंडाला धरून उठवलं. म्हणाले, बसलास की संपलं. मग ते जेवण होतं.

आता शब्दाचं बघू. तापा म्हणजे झाकण. एक तापा, अनेक तापास. दक्षिणेकडच्या अंदालुसियात म्हणे शेरीच्या, म्हणजे तिथल्या वाइनच्या, पेल्यात माशा पडू नयेत म्हणून वर पावाचा किंवा हॅमचा तुकडा ठेवायचे, त्यावरून हे नाव. राजा तेरावा अल्फोन्सो समुद्रकाठच्या काडिसला आला तेव्हा वाळू उडून पेल्यात जाऊ नये म्हणून वेटरनं हॅमची चकती वर ठेवली, अशीही एक गोष्ट सांगतात. प्रत्येक पदार्थाच्या मागे एक राजा लागतोच, तेव्हा ती गोष्ट म्हणूनच ऐका. मात्र तापा हे पदार्थाचं नाव नाही, मापाचं आहे, हे पक्कं लक्षात ठेवा. तोच पदार्थ छोट्या बशीत आला तर तापा, मोठ्या ताटलीत आला तर रासियोन. मेन्यूवर दोन्ही लिहिलेलं असतं. न बघता मागवलं की चौघांचं एकट्यापुढे येतं.

माझा सगळ्यात आवडता तापा विचाराल तर पालक आणि काबुली चणे. हसू नका! 'एस्पिनाकास कॉन गार्बान्सोस.' सेव्हियात एल रिंकोन्सियो नावाचा बार आहे, १६७० पासूनचा. जुनं काळपट लाकडी काउंटर, वर टांगलेले हॅमचे पाय. तुम्ही काय काय घेतलं ते वेटर खडूनं थेट काउंटरवरच लिहितो आणि पैसे दिले की फडक्यानं पुसून टाकतो. आपल्या वाण्याच्या पाटीसारखं. तिथं हा तापा मातीच्या वाटीत येतो. लसूण आणि पाव तेलात तळून, कुटून, त्याचं दाट वाटण लावलेलं असतं आणि त्यात चक्क जिरं. परदेशात सहा महिने काढल्यावर तो जिऱ्याचा वास नाकात गेला तेव्हा मी क्षणभर चमचा खाली ठेवला होता. पालक आणि वांगं ही तिथल्या अरबांच्या राजवटीची देणगी.

वांग्यावरून आठवलं. कोर्दोबाला आणि मालागाकडे वांग्याचे काप पिठात घोळवून कुरकुरीत तळतात आणि वरून उसाचा काळा पाक सोडतात. त्याला म्हणतात 'मिएल दे कान्या', म्हणजे उसाचा मध. चव घेतलीत तर एका शब्दात ओळखाल: काकवी! वांग्याच्या कापांवर काकवी घालायचं आपल्याला का सुचलं नाही, याचं मला आजवर वाईट वाटतं.

कोकणातली मंडळी बसली आहेत इथे, त्यांच्यासाठी काडिस. तिथला 'तोर्तियीता दे कामारोनेस' हा पदार्थ म्हणजे आपल्या ताज्या जवळ्याच्या भज्यांचा सख्खा भाऊ. नखाएवढी कोळंबी, सालीसकट. गव्हाचं पीठ, त्यात चण्याचं पीठ, कांदा, पार्स्ली आणि पाणी. फरक एवढाच की पीठ फार पातळ ठेवतात. डावभर पीठ कढत तेलात सोडलं की पसरतं आणि त्याची जाळी होते. उजेडात धरली तर पलीकडचं दिसावं इतकी पातळ. ती खायला काडिसच्या पुढे सानलूकारला जा. चौकात कासा बाल्बीनो आहे. काउंटरपाशी गर्दीत खांदा घुसवायचा, ओरडून सांगायचं, आणि सोबत मान्सानिया घ्यायची, म्हणजे त्याच गावात मुरवलेली, किंचित खारट लागणारी शेरी. न पिणाऱ्यांनी बिनअल्कोहोलची बिअर मागा. कोणी भुवया उंचावत नाही.

फुकट कुठे मिळतं, हा प्रश्न येणारच होता. ग्रानादात. पेय मागवलं की तापा आपोआप येतो, वेगळे पैसे नाहीत. दुसरं पेय घेतलं की दुसरा तापा, बहुधा पहिल्याहून चांगला. मात्र पुष्कळ ठिकाणी काय येईल ते तुमच्या हातात नसतं. उत्तरेकडे लेओनमध्येही हीच पद्धत. सेव्हियात मात्र मोजून पैसे द्यावे लागतात.

माद्रिदमध्ये एकच ठिकाण सांगतो. पुएर्ता देल सोल या मुख्य चौकाच्या जवळ कासा लाब्रा, १८६० सालचं. खारवलेला कॉड मासा भिजवून, पिठात बुडवून तळलेला. तुकडा घ्यायचा आणि रस्त्यावर उभं राहून खायचा. स्पेनचा समाजवादी पक्ष २ मे १८७९ रोजी याच जागेत गुपचूप स्थापन झाला. क्रांतीला तळलेला मासा चालतो, असं दिसतं.

आणि मग उत्तर किनाऱ्यावरचं सान सेबास्तियान. तिथं तापा म्हणालात तर माणसं सौम्यपणे दुरुस्त करतात: पिंचो. काडीवर एक हिरवं ऑलिव्ह, इबार्रा गावच्या एक-दोन लोणच्यातल्या मिरच्या आणि एक खारवलेला अँचोव्ही, एवढाच ऐवज. याचं नाव 'हिल्दा', १९४६ च्या रिटा हेवर्थच्या 'गिल्डा' सिनेमावरून; स्पॅनिशमध्ये त्याचा उच्चार हिल्दा. त्यातल्या नायिकेसारखी हिरवी (स्पॅनिशमध्ये म्हणजे चावटही), खारट आणि तिखट म्हणून. कासा वायेस या बारमध्ये तिचा जन्म झाला असं मानतात. तीन भाग वेगवेगळे खाल्लेत तर काहीच नाही, एकदम तोंडात टाकलंत तर डोळ्यांत पाणी. काउंटरवर मांडलेल्या थंड पिंचोंच्या राशी बघून आपण हावरटासारखी बशी भरतो. स्थानिक माणसं मात्र फळ्यावर लिहिलेला गरम पदार्थ मागवतात. जुन्या गावात बार नेस्तोरमध्ये बटाट्याचं ऑम्लेट, म्हणजे तोर्तिया, दिवसातून दोनदाच होतं. दुपारी एकदा, रात्री एकदा. तुकड्यासाठी आधी जाऊन नाव लिहून यायचं. त्यात कांदा आहे की नाही हे मी सांगणार नाही. स्पेनमध्ये त्यावरून घरं फुटतात.

शाकाहाऱ्यांसाठी एक सूचना, कारण माझी बायको शाकाहारी आहे आणि तिनं हे सोसलंय. 'सिन कार्ने', मांस नको, असं सांगितलं तरी हॅमचे तुकडे येतात, कारण हॅम हे मांस आहे असं पुष्कळांना वाटतच नाही. टूना माशालाही तोच न्याय. म्हणून नाव घेऊन सांगा: 'सिन हामोन, सिन आतून'. साल्मोरेहो, म्हणजे कोर्दोबाचं टोमॅटो आणि पावाचं दाट थंड सार, मागवताना तर नक्कीच, नाहीतर वर हॅम आणि उकडलेलं अंडं भुरभुरलेलं असतं. निर्धास्त खायचं तर पाद्रोनच्या मिरच्या. छोट्या हिरव्या, तेलात परतून वर जाड मीठ. वायव्येकडच्या गालिसियात म्हणच आहे, पाद्रोनच्या मिरच्या, काही तिखट, काही नाही. बायकोनं एका बैठकीत अख्खी बशी संपवली. तिला एकही तिखट लागली नाही. शेवटची मी उचलली, आणि...

पाणी द्या जरा. त्या आठवणीनंसुद्धा घसा कोरडा पडतो.

हां, मागून कोणीतरी विचारतंय, बिल कसं करतात? पिंचोच्या काही बारमध्ये बशीतल्या काड्या मोजतात. तुम्हीच मोजून सांगायच्या. माझ्या शेजाऱ्यांना मी विचारलं होतं, कोणी काडी खिशात टाकली तर? ते म्हणाले, टाकतात ना, माद्रिदचे लोक.