तासाला किती राउंड?

वरळीच्या शूटिंग रेंजवर शिकणाऱ्या पोरांच्या मोबाईलवर रीलोडिंगचा, म्हणजे झाडलेल्या रिकाम्या पुंगळ्या (केस) पुन्हा भरून काडतुसं, म्हणजे राउंड, बनवण्याचा व्हिडिओ कधी ना कधी येतोच. अमेरिकेतला कुणीतरी माणूस आपल्या गॅरेजमध्ये उभा, एका मशीनचं हँडल खाली ओढतो, वर सोडतो, आणि दर वेळी एक तयार काडतूस ट्रेमध्ये टपकन पडतं. मग पोरं विचारतात, सर, असे तासाला किती होतात?

मशीन कुठलं त्यावर आहे. साधा सिंगल स्टेज प्रेस असेल तर एका वेळी एकच काम होतं. झाडलेल्या पितळी केसमधला जुना प्रायमर (पिन आपटली की पेटणारी बुडाची टिकली) काढा, फुगलेली केस परत मापात आणा, नवा प्रायमर बसवा, पावडर घाला, वर बुलेट दाबा, आणि मध्ये डाय (त्या त्या कामाचा साचा) बदलला की सगळा लॉट पुन्हा पहिल्यापासून हातातून काढा. हात बसलेला माणूससुद्धा यावर तासाला साधारण ५० करतो. प्रोग्रेसिव्ह प्रेसवर मात्र सगळ्या केस एका फिरत्या चकतीवर असतात, हँडल एकदा ओढलं की प्रत्येकीवर वेगळं काम एकदम होतं, त्यामुळे डिलन कंपनीच्या ५५० मॉडेलवर तासाला ४०० ते ६०० निघतात असं कंपनी सांगते.

हा आकडा फक्त हँडल ओढतानाचा आहे हां. त्याआधी रेंजवरून केस वेचून आणा, टम्बलर नावाच्या सफाईच्या मशीनमध्ये तासन्‌तास घासा, तडे गेलेल्या बाजूला काढा, प्रायमर नळ्यांमध्ये भरून ठेवा, रायफलच्या केस असतील तर त्या झाडल्यावर लांबीला वाढतात म्हणून कापून मापात आणा. हे कुणी व्हिडिओत दाखवत नाही.

आणि खरा वेळ जातो, जायलाच पाहिजे, तो पावडरवर. पिस्तुलाच्या केसमध्ये बऱ्याचदा पावडर अर्ध्याहून कमी भरते, म्हणजे चुकून दोनदा पडली तरी ती मावते आणि वरून बुलेट अगदी व्यवस्थित बसते, बाहेरून काहीच कळत नाही. असा राउंड झाडला की पिस्तूल हातात फुटू शकतं. पावडर पडलीच नाही तर नुसत्या प्रायमरच्या जोरावर बुलेट बॅरलमध्ये अडकते आणि पुढची गोळी तिच्यावर जाऊन आदळते. फोन वाजला, हँडल मध्येच थांबलं, एवढ्यावर हे घडतं. म्हणून जाणकार लोक प्रेसवर दिवा लावतात, बुलेट ठेवण्याआधी प्रत्येक केसमध्ये डोकावतात, दर थोड्या राउंडनंतर वजनकाट्यावर चार्ज, म्हणजे केसमधली पावडर, मोजतात. मला विचाराल तर तासाचा आकडा सांगणाऱ्यापेक्षा हे करणाऱ्याचं ऐका.

आता आपल्याकडचं. मुंबईत घरी हे करायचं मनातही आणू नका. १९५९ च्या आर्म्स ॲक्टच्या कलम ५ प्रमाणे काडतुसं बनवायला वेगळं लायसन्स लागतं, शूटरच्या लायसन्सवर काडतुसं विकत घेता येतात, बनवता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याची शिक्षा किमान ७ वर्षं आहे, जन्मठेपेपर्यंत जाते. शिवाय आपल्या बिल्डिंगमध्ये भिंतीला भिंत लागून लोक राहतात, तिथे पावडर आणि प्रायमर घरात साठवणार कुठे?

दुसरं म्हणजे, आपली पोरं जी पॉइंट टू टू (.२२ कॅलिबरची छोटी गोळी) वापरतात, तिचं रीलोडिंग जवळपास शक्यच नाही. तिच्यात प्रायमर वेगळा नसतो, पेटणारा मसाला केसच्या काठातच भरलेला असतो आणि पिन त्या काठावर बसून काठ चेपते, केस कामातून गेली. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ऑलिम्पिक ब्राँझ आणलं ते याच काडतुसावर.

राउंड महाग, मिळतात मोजून, म्हणून मग ड्राय फायर, म्हणजे गोळी न भरता ट्रिगरचा सराव. रायफल रिकामी आहे हे दोनदा बघायचं, दिशा सुरक्षित ठेवायची, पॉइंट टू टूला डमी (नकली काडतूस) किंवा मॅच रायफलचं ड्राय फायर सेटिंग लावायचं, नाहीतर पिन चेंबरच्या काठावर आपटते, आणि भिंतीवरच्या छोट्या टार्गेटवर श्वास धरून ट्रिगर. ट्रिगर सुटताना फोरसाइट (नळीच्या टोकाजवळची नेम धरायची खूण) हलली का, एवढंच बघायचं.