रक्तदाबाचा माग तांबड्या पेशीत

श्रोतेहो, नमस्कार.

रक्तदाब वाढला की डॉक्टर पहिल्यांदा मिठावर येतात. मिठातल्या सोडियमचं धमन्यांच्या भिंतीतल्या स्नायूंशी काय चालतं, हे पाहायचं तर त्या भिंतीचाच तुकडा हवा. तो जिवंत माणसाकडून मागणार कसा? म्हणून संशोधक वळले रक्तातल्या तांबड्या पेशींकडे, कारण सोडियमची ये-जा त्यांच्या पडद्यातूनही चालते. दंडातून थोडं रक्त काढलं की काम झालं.

ही पेशी तशी फारच साधी. तिच्यात केंद्रक नाही, मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे ऊर्जा बनवणारे भागही नाहीत. साखर मोडून ती पोट भरते, त्यातून लॅक्टिक आम्ल तयार होतं. रक्तद्रवाचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, ७.४ असतो (आकडा कमी तितकं आम्ल जास्त), हिच्या आत साधारण ७.२, म्हणजे जरा आंबटच. सोडियम बाहेर लिटरमागे १४० मिलिमोल, आत जेमतेम दहाच्या आसपास. हा फरक टिकवणारा पंप तीन सोडियम बाहेर काढतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. डेन्मार्कच्या येन्स स्को यांना तो १९५७ मध्ये खेकड्याच्या मज्जातंतूंत सापडला. नोबेल मिळालं १९९७ मध्ये! चाळीस वर्षं थांबायची तयारी हवी, बाकी काही नाही.

पंपाशिवाय पेशीच्या पडद्यात आणखीही वाटा आहेत. एका वाटेनं सोडियम आत येतं आणि त्याच्या बदल्यात हायड्रोजन, म्हणजे आम्ल, बाहेर पडतं. दुसऱ्या वाटेनं सोडियमच्या बदल्यात लिथियम बाहेर पडू शकतं. ती मोजायची युक्ती मला फार आवडते. पेशींत आधी लिथियम भरायचं. मग त्या एकदा सोडियमच्या द्रवात ठेवायच्या, एकदा सोडियमऐवजी मॅग्नेशियम असलेल्या द्रवात. दोन्हींत किती लिथियम बाहेर आलं, त्यातला फरक म्हणजे या वाटेचा वेग. १९८० मध्ये बॉस्टनमध्ये मित्झी कनेसा आणि सहकाऱ्यांना उच्च रक्तदाबाच्या रुग्णांत हा वेग जास्त आढळला, त्यांच्या जवळच्या नातेवाइकांतही.

साहजिकच वाटलं, लिथियमची ही वाट म्हणजे आम्ल काढणारीच वाट असणार. पण अमिलोराइड नावाच्या औषधानं आम्लाची वाट अडते, लिथियमची मात्र चालूच राहते. तिथं गणित अडलं. शिवाय निरोगी आणि रुग्ण यांचे आकडे एकमेकांत मिसळतात, रक्तातली चरबी वाढली तरी वेग बदलतो. म्हणून लॅबच्या रिपोर्टमध्ये हा आकडा तुम्हाला कधी दिसत नाही. रक्तदाब आजही दंडाला पट्टा बांधूनच मोजतात.