हजार पौंडांचा आल्फ कॉमन

[दृश्य: शेफील्डचं ब्रॅमल लेन मैदान, जुनी छायाचित्रं]

२५ फेब्रुवारी १९०५. इंग्लंडच्या फुटबॉल लीगमधला मिडल्सबरोचा संघ शेफील्ड युनायटेडच्या मैदानात आहे. परक्या मैदानावर जिंकून त्यांना जवळपास दोन वर्षं झालीत. आज पेनल्टी मिळते. चेंडू १२ यार्डांवर, पण त्या वेळच्या नियमानं गोलरक्षकाला रेषा सोडून ६ यार्ड पुढे येता येई. निम्मं अंतर तोच खाऊन टाकायचा. तरीही आल्फ कॉमन गोल करतो. १-०.

मिडल्सबरोकडून हा त्याचा पहिलाच सामना. त्याच महिन्यात क्लबनं त्याच्यासाठी सँडरलंडला १००० पौंड मोजले होते. एका खेळाडूसाठी एवढी रक्कम याआधी कोणीच दिली नव्हती.

[दृश्य: आल्फचं छायाचित्र]

आल्फ मूळचा सँडरलंडचाच, जन्म १८८०चा. उंची बेताची, अंगानं मात्र दणकट, आणि खांद्याला खांदा भिडवून प्रतिस्पर्ध्याला हटवणं तेव्हा आघाडीच्या खेळाडूचं रोजचंच काम. १९०२च्या एफए कप या इंग्लंडमधल्या बाद-फेरी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्यानं शेफील्ड युनायटेडसाठी गोल केला. बरोबरी झाली, फेरसामना जिंकून कप शेफील्डला आला. १९०४मध्ये सँडरलंडनं त्याला ५२० पौंडांत परत आणलं आणि काही महिन्यांतच जवळपास दुप्पट भावानं विकलं.

यातलं आल्फच्या हाती काय लागलं? फारसं काही नाही. खेळाडूची नोंदणी क्लबच्या ताब्यात असे. मोसम संपला, करार संपला, तरी क्लबनं त्याचं नाव राखून ठेवलं की लीगमधल्या दुसऱ्या क्लबाची दारं बंद. पगारावर १९०१पासून आठवड्याला ४ पौंडांची कमाल मर्यादा. म्हणजे १००० पौंड हा २५० आठवड्यांचा पगार, आणि तो गेला थेट सँडरलंडच्या तिजोरीत.

हा सौदा झाला तो मोसमाअखेर तळाला राहून खालच्या श्रेणीत घसरण्याच्या भीतीनं. मिडल्सबरो १८ संघांत पंधरावं आलं, वाचलं. गंमत अशी, की त्याच उन्हाळ्यात पहिली श्रेणी २० संघांची झाली आणि तळाचे दोन क्लब, ‘बरी’ आणि ‘नॉट्स काउंटी’, हेसुद्धा जागेवरच राहिले. त्या वर्षी कोणीच खाली गेलं नाही! खरी कसोटी लागली पुढच्या मोसमात. नॉटिंगहॅम फॉरेस्टइतकेच गुण. केलेल्या गोलांना खाल्लेल्या गोलांनी भागून काढलेल्या सरासरीवर मिडल्सबरो तरलं, फॉरेस्ट खाली गेलं. अशा हिशेबात प्रत्येक गोल मोलाचा असतो, आणि हजार पौंड वसूल झाले असतील तर ते इथे.

१९०८मध्ये इंग्लिश फुटबॉलची नियामक संस्था असलेल्या फुटबॉल असोसिएशननं खेळाडूंच्या अशा सौद्यांवर ३५० पौंडांची मर्यादा घातली. काही महिन्यांतच ती मागे घ्यावी लागली.

[दृश्य: वूलविच आर्सेनलचा संघ]

आल्फ इंग्लंडकडून ३ सामने खेळला. १९१०मध्ये तो वूलविच आर्सेनलकडे गेला. १९१२च्या डिसेंबरात प्रेस्टननं त्याला घेतलं, आणि त्याच मोसमात संघ दुसऱ्या श्रेणीत पहिला आला. या वेळची किंमत होती २५० पौंड. १९१४मध्ये बूट उतरवल्यावर त्यानं डार्लिंग्टनमध्ये पब चालवला. १९४६मध्ये तो वारला.