आईवडिलांची सही चालते तोवर

श्रोतेहो, नमस्कार.

गणपतीला चाकरमानी गावाला येतात, घर भरतं, आणि त्या आठ-दहा दिवसांत कुणाच्या तरी लक्षात येतं की बाबा बदललेत. आरत्या तोंडपाठ आहेत, पण नारळ उतरवणाऱ्याला सकाळी दिलेली मजुरी संध्याकाळी पुन्हा देतात. आई तेच विचारते, पाच मिनिटांनी पुन्हा तेच विचारते. घरातलं कुणी म्हणतं, "वय झालं आता." आणि त्याच सुट्टीत दुसरं कुणी म्हणतं, "सगळे जमलेत तर बागेचं हक्कसोडपत्र उरकून टाकू." ही दोन वाक्यं एका घरात एका आठवड्यात बोलली गेली, की त्या बागेचा दावा वर्षानुवर्षं चालतो. स्मृतिभ्रंशाचा संशय येणं आणि त्याची खात्री होणं यांच्यामध्ये काही महिने, कधी काही वर्षं जातात. कायद्याच्या दृष्टीने आईवडिलांच्या हातात उरलेला सगळ्यात मोलाचा काळ तोच. तो कसा वापरायचा, हे आज सांगायचं आहे.

आधी डॉक्टर, मग वकील. विसरण्याची सगळीच कारणं कायमची नसतात. जीवनसत्त्व बी १२ कमी असणं, थायरॉइडचं दुखणं, रक्तातलं सोडियम उतरणं, नैराश्य, झोपेच्या गोळ्या, पडल्यावर मेंदूभोवती हळूहळू साचलेलं रक्त, यांवर उपचार होतात आणि माणूस बराच सावरतो. गोंधळ अचानक, एक-दोन दिवसांत सुरू झाला असेल तर तो बहुधा स्मृतिभ्रंश नसतो. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग असू शकतो, त्याच दिवशी दवाखाना गाठा. अशा अवस्थेत कुठल्याही कागदावर सही घेऊ नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ असतात, आणि रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तिथल्या नावाला घाबरून अनेक घरं मागे राहतात. तपासणीला नेलं म्हणजे भरती केलं असं होत नाही.

आता कायदा काय म्हणतो? निदान झालं म्हणून कुणाची सही रद्द होत नाही. भारतीय करार कायदा, १८७२, याच्या कलम १२ मध्ये कसोटी सरळ दिली आहे: करार करताना त्या माणसाला तो समजतो का, आणि त्याचा आपल्या हितावर काय परिणाम होईल हे त्याला ठरवता येतं का. एरवी मन ठिकाणावर नसलेला माणूसही, ज्या वेळी ठिकाणावर असेल त्या वेळी करार करू शकतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, हाही सांगतो की केवळ मानसिक आजाराचं निदान झालं म्हणून माणूस विकल मनाचा ठरत नाही, ते ठरवायचं सक्षम न्यायालयाने. म्हणजे प्रश्न दर वेळी विचारायचा, आणि त्या-त्या निर्णयापुरता विचारायचा. पेन्शन कुठल्या बँकेत ठेवायची हे आईला नीट कळत असेल, पण सामाईक जमिनीच्या विकसन करारातल्या अटी तिला पेलणार नाहीत. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी खऱ्या असू शकतात.

सगळ्यात जास्त घरं फसतात ती कुलमुखत्यारपत्रावर, म्हणजे पॉवर ऑफ ॲटर्नीवर. "बाबांनी मला मुखत्यारपत्र दिलंय, पुढे काळजी नाही," असं मुलगा समजतो. करार कायद्याचं कलम २०१ नेमकं उलट सांगतं. मुखत्यारपत्र देणारा माणूस मन:स्थिती गमावतो, तेव्हा मुखत्याराचा अधिकारही संपतो. ज्या दिवसासाठी ते करून ठेवलं, त्याच दिवशी ते निकामी होतं. परदेशात असलेल्या मुलांना तिथली पद्धत ठाऊक असते. इंग्लंड-अमेरिकेत आजारानंतरही टिकणारं मुखत्यारपत्र करता येतं, आपल्याकडे ती सोय नाही. "मी अक्षम झालो तरी हे चालू राहील" असं वाक्य घातलं तरी त्याचा भरवसा धरू नका. मुखत्यारपत्र जरूर करा, पण बाबा हिंडतेफिरते, समजते असताना त्यांची धावपळ वाचवायला. नंतर त्याच कागदावर जमीन विकली, तर भावकीतला कुणीही तो व्यवहार कोर्टात नेऊ शकतो आणि घेणाऱ्याचे पैसे अडकतात.

मग या काळात करायचं काय? पहिला कागद सगळ्यात स्वस्त आहे, आणि तोच लोक करत नाहीत. २०१७ च्या कायद्याच्या कलम १४ प्रमाणे आई किंवा बाबा साध्या कागदावर लिहून, सही किंवा अंगठा करून आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकतात. पुढे मानसिक आजाराच्या उपचाराचे निर्णय घेताना हा माणूस त्यांच्या बाजूने उभा राहतो. त्याच कायद्याखाली आपल्याला कसे उपचार हवेत, कसे नकोत, हेही आगाऊ लिहून ठेवता येतं. लक्षात ठेवा, या कागदाने घरदार, बँक, जमीन यांचा कुठलाही अधिकार मिळत नाही.

दुसरा कागद मृत्युपत्राचा. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, पण दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यातच. मुस्लिम कुटुंबांत वेगळा नियम आहे, वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशाहून जास्त मालमत्ता मृत्युपत्राने देता येत नाही. विसरण्याचा संशय असताना मृत्युपत्र करायचं असेल, तर ते कसं केलं हे त्यात काय लिहिलं याइतकंच महत्त्वाचं ठरतं. हे जरा जवळून पाहू.

डॉक्टरांचा दाखला त्याच दिवशीचा, फार तर आदल्या दिवशीचा हवा. "रुग्ण तपासला, शुद्धीवर आहे" एवढ्या दाखल्याला उलटतपासणीत किंमत राहत नाही, कारण शुद्धीवर असणं वेगळं आणि समजणं वेगळं. दाखल्यात तपासणीची वेळ हवी. स्मरणशक्तीच्या चाचणीत तीसपैकी किती गुण पडले ते हवं. आणि पुढे, डॉक्टरांनी स्वतः विचारलेले प्रश्न व मिळालेली उत्तरं त्यांच्याच शब्दांत हवीत: तुमच्या नावावर काय काय आहे, मुलं किती आणि कुठे असतात, कुणाला काय द्यायचं आणि का, कुणाला कमी देत असाल तर का. चाचणीत गुण कमी पडूनही या चार प्रश्नांची उत्तरं ठाम आणि बरोबर असू शकतात. न्यायालय पाहतं ते हेच. या माणसाला आपली मालमत्ता, आपली माणसं आणि आपण करतोय ते काम कळत होतं का? जमलं तर त्याच डॉक्टरांना एक साक्षीदार करा. काम सकाळी ठेवा, अनेकांचा गोंधळ दिवेलागणीला वाढतो. चष्मा आणि कानाचं यंत्र लावा. मसुदा मराठीत हवा. मुंबईहून टाइप करून आणलेला इंग्रजी मसुदा बाबांना वाचताच येत नसेल, तर विरुद्ध बाजूच्या वकिलाचं निम्मं काम झालं. वाचून दाखवला असेल तर कुणी वाचला आणि त्यांना समजला, हे खाली लिहा. आणि ज्याला लाभ होणार तो मुलगा, ती मुलगी, सून, जावई, सगळे त्या वेळी खोलीबाहेर. चित्रीकरण करत असाल तर प्रश्न उघडे ठेवा. "बाबा, बाग दादालाच द्यायची ना?" असं विचारून मान डोलावून घेतलेलं चित्रीकरण उलट अंगावर येतं.

नोंदणी झाली म्हणजे काम पक्कं, हाही समज सोडा. समोरचा माणूस वेडसर दिसला तर दुय्यम निबंधकाला दस्त नाकारावा लागतो, हे खरं. पण तिथे नाव विचारतात, दस्त मान्य आहे का विचारतात, फोटो आणि अंगठा घेतात, पुढचा टोकन नंबर लागतो. आयुष्यभर चारचौघांत वावरलेला माणूस सुरुवातीच्या स्मृतिभ्रंशात एवढं सहज निभावून नेतो, हसून "हो, हो" म्हणतो. नोंदणीमुळे सही त्यांचीच हे सिद्ध होतं. समजून केली हे सिद्ध करायला दाखला लागतो. चालवत नसेल तर निबंधक कार्यालयाकडे गृहभेटीचा अर्ज करता येतो. आजारी आईला गाडीत घालून ओरोसला किंवा अलिबागला नेण्याची गरज नाही.

आता हक्कसोडपत्र आणि बक्षीसपत्राचा धोका. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन मुलगा, मुलगी, नातवंडांना बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. सोय चांगली आहे, पण एवढ्या स्वस्तात आणि एका सकाळी आईच्या नावची बाग कायमची जाऊ शकते. मृत्युपत्र बदलता येतं, बक्षीसपत्र दिलं की दिलं. आमचं स्पष्ट मत आहे: स्मृतिभ्रंशाचा संशय असताना बक्षीसपत्र आणि हक्कसोडपत्र करू नये. करायचंच असेल तर "माझं खाणंपिणं, औषधपाणी, राहणं याची सोय घेणाऱ्याने करायची" ही अट दस्तातच शब्दांत लिहा. आईवडील व ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७, याच्या कलम २३ खाली ही अट मोडली तर दस्त रद्द करून घेता येतो. दाद मागायची प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे. आईला स्वतः जाणं जमत नसेल तर नोंदणीकृत स्वयंसेवी संस्थेला तिच्या वतीने दाद मागता येते.

जमिनीवर लक्ष कसं ठेवायचं? दस्त नोंदला की फेरफाराची नोंद धरली जाते, हितसंबंधी माणसांना नोटीस निघते आणि हरकतीला १५ दिवस मिळतात. नोटीस गावच्या पत्त्यावर येते, बाबा ती घेतात, देव्हाऱ्यामागे ठेवतात आणि विसरतात. म्हणून मुंबईत बसूनही महाभूमी संकेतस्थळाच्या 'आपली चावडी' पानावर गावाचं नाव टाकून चालू फेरफार दर आठवड्याला पाहत जा. हरकत लेखी द्या, पोच घ्या, वैद्यकीय कागद जोडा. हरकतीने सातबारा काही काळ थांबतो, दस्त मात्र रद्द होत नाही. त्यासाठी दिवाणी न्यायालयातच जावं लागतं. समजल्या दिवसापासून तीन वर्षांची मुदत धरून चाला.

बँकेचं थोडक्यात. पेन्शनचं खातं 'एकाला किंवा हयात असलेल्याला' या पद्धतीने संयुक्त करा, आणि ते बाबांना कळत असतानाच करा. ठेव मुदतीआधी मोडायची सूचनाही तेव्हाच लिहून द्या, नाहीतर दोघांच्या सह्या मागतात. एटीएम आणि मोबाइल व्यवहारांची मर्यादा खाली आणा, संदेश दोन मुलांच्या फोनवर येऊ द्या. एकाच मुलाच्या हाती सगळं असेल तर त्याने दरमहा हिशेब भावंडांच्या गटात टाकावा. संशय पैशाआधी घर फोडतो. खात्याला नॉमिनी म्हणून नाव लावलं म्हणजे तो मालक झाला, असं समजू नका. फोनवरून फसवणूक झाली तर १९३० ला लगेच कळवा, पहिले काही तास महत्त्वाचे.

आणि उशीर झालाच असेल तर? बाबांना काहीच उमगत नाही, घर पडायला आलंय, उपचाराला ठेव मोडायची आहे. अशा वेळी कोऱ्या कागदावर हात धरून अंगठा घेणं हा गुन्हा होऊ शकतो. कित्येक जण जिल्हाधिकाऱ्यांकडे राष्ट्रीय न्यास कायद्याचा अर्ज घेऊन जातात, पण तो कायदा स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी), मतिमंदता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे, म्हातारपणीच्या स्मृतिभ्रंशासाठी नाही. अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६, याच्या कलम १४ मध्ये मर्यादित पालकत्वाची तरतूद आहे. त्यात पालकाने त्या व्यक्तीशी विचारविनिमय करूनच निर्णय घ्यायचा असतो. पण मालमत्ता सांभाळायची असली की मुख्य रस्ता उच्च न्यायालयात रिट याचिका करून पालक नेमून घेण्याचा. मुंबई उच्च न्यायालयाने असे पालक नेमले आहेत. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग त्याच्या कक्षेत आले. रायगडकरांना मात्र मुंबईच.

याचिकेला सगळ्या भावंडांची संमतीची प्रतिज्ञापत्रं जोडा, एकाचं जरी राहिलं तरी काम लांबतं. सातबारा, आठ-अ, खात्यांची यादी, उपचारांची फाइल तयार ठेवा. न्यायालय वैद्यकीय मंडळाचा अहवाल आणि घरची चौकशी मागवू शकतं. पालक नेमल्यावर हिशेब द्यावा लागतो, आणि जमीन विकायची तर परवानगी लागते.

एक गोष्ट वकीलही सांगायला विसरतात. बाबांच्या नावे वाटपाच्या दाव्याचं समन्स आलं असेल, तर त्याच न्यायालयाला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३२, नियम १५ खाली लगेच अर्ज द्या. न्यायालय चौकशी करून त्या दाव्यापुरता त्यांच्यासाठी पालक नेमतं. गप्प बसलात तर एकतर्फी हुकूमनामा होतो.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना आणि अपंग व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, म्हणजे आईच्या नावची जमीन असेल तर अर्ज आईच्याच नावे करा. फोन १५१००. ज्येष्ठांची मदतवाहिनी १४५६७. फोन लावण्याआधी गट क्रमांक, शेवटच्या फेरफाराचा क्रमांक आणि डॉक्टरांच्या ताज्या कागदाची तारीख समोर लिहून ठेवा, पलीकडचा माणूस पहिल्यांदा तेच विचारतो.

नमस्कार.